एक हाड मोडलं की खेळ बंद

मिठागरात मीठ कोणी करत नाय, ते होतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा नि ऊन बघत बसायचं. किश्शांचं पण तसंच. मी काय ते गोळा करायला गेले नव्हते. दोन हंगाम नातीच्या मागं मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसले, नि बघता बघता तळाशी ढीग झाला. मला अक्षर नाय. मी सांगते नि शबाना लिहिते. शबाना त्याच टीममधली, तेव्हा तिच्याविषयी यात काय चांगलं वाचायला मिळालं तर ते तिनं आपल्या पदरचं घातलंय असं समजा.

टीम पेणच्या पोरींची. खेळ अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण पाय लावायचं काम क्वचित. चेंडूसुद्धा गोल नाय, सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडं निमुळता. तो काखेत मारायचा नि पळत सुटायचं. समोरच्या सातजणी आडवं पाडायला टपलेल्या. नुसता हात लावून भागत नाय. धरून, उचलून, आपटून. चार डावांत वीस हात पुढं सरकलात तर आणखी चार डाव मिळतात, नाय तर चेंडू त्यांचा. कदम सर त्याला दहा यार्ड म्हणतात. कदम सर म्हणजे टीमचे कोच. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले नि मोबाईलवर बघून हा खेळ शिकले.

जिल्ह्यात टीम चार. पण खऱ्या दोनच, पेण नि रोहा. बाकीच्या दोन मॅचच्या दिवशी कोणाच्या तरी हळदीला गेलेल्या असतात.

*

माझी नात प्राजू पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. हात असा स्थिर की श्वास घेते की नाय ते बघावं लागतं. आमचं घर जित्याला. सहाच्या गाडीनं येणारी पोर आठच्या गाडीनं यायला लागली तेव्हा मी एक दिवस न सांगता पेणला गेले. कारखान्यातला माणूस म्हणाला, "प्राजू? ती मैदानावर असंल."

मैदानावर बघते तर माझी प्राजू खाली, नि तिच्यावर एक दांडगी बाई. ती बाई म्हणजे मंजुळा. धरमतरच्या खाडीकडची, मासे विकते. माशांच्या दोन पाट्या एकावर एक डोक्यावर घेऊन बोलत बोलत चढ चढते, दम म्हणून लागत नाय. मला हे तेव्हा काय ठाऊक? मी धावत गेले नि छत्रीनं तिच्या पाठीत दोन ठेवून दिल्या.

मंजुळा उठली, पाठ चोळली नि म्हणाली, "आजी, मारतेस कशाला गो? आमी एकाच टीमच्या हाव."

मी म्हटलं, "एकाच टीमच्या? मग आणखी एक घे."

*

गोष्ट घरी कळली. माझा मुलगा नारायण, प्राजूचा बाप, डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं शिफ्टला जातो. त्याचं मन व्हय नि नायच्या मधे. पण माझे दीर, तात्या भावजी, त्यांचं मन कधीच मधे नसतं. ते नारायणच्या ओटीवर येऊन बसले.

"पोरीनं पोरीच्या अंगावर पडायचं, याला खेळ म्हणतात? उद्या लग्नात वरमाला घालायला हात वर गेला नाय तर?"

प्राजू म्हणाली, "तात्या, मी खाली वाकीन असा नवरा बघू."

बोलणं वाढलं. शेवटी तोडगा तात्यांनीच काढला. आमच्याकडं शब्द ठरला की देव्हाऱ्यात सुपारी ठेवतात. सुपारी आहे तोवर शब्द आहे. शब्दाची वेळ भरली की ज्यानं सुपारी दिली त्यानंच ती सगळ्यांसमोर फोडायची, विषय संपला. तात्यांनी बटव्यातून सुपारी काढली, सगळ्यांना फिरवून दाखवली.

"श्रीवर्धनी रोठा. खास आणलेली. पोरीनं खेळावं, माझं काय म्हणणं नाय. पण या घरात एक जरी हाड मोडलं, तर ही सुपारी मी फोडणार नि त्या दिवसापासून खेळ बंद. बोल नारायण."

नारायण व्हय म्हणाला नि सुपारी देव्हाऱ्यात ठेवून आला. प्राजूचं तोंड एवढंसं झालं. या खेळात हाड मोडणार नाय असं म्हणणं म्हणजे पाण्यात उतरून पदर कोरडा ठेवते असं म्हणणं.

*

पहिल्याच मॅचला प्राजूचा दात पडला. अर्धा नाय, आख्खा. ती तो मुठीत घेऊन घरी आली.

तात्या भावजींना बातमी कशी लागते देव जाणे. आम्ही चहा टाकला तोवर ते ओटीवर हजर. नारायणनं दात तळहातावर घेऊन उजेडाला धरला नि म्हणाला, "तात्या, तुम्हीच सांगा. दात हाड हाय काय?"

तात्या तोंड उघडणार, तोच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या तोंडात वरचे चार नि खालचे तीन शिल्लक. बराच वेळ जीभ आतल्या आत फिरली.

"नाय," ते म्हणाले. "दात हाड नाय. नायतर माझी पंचवीस हाडं मोडलीत."

सगळे हसलो. माझी सून सुगंधा तेवढी हसली नाय. ती देवाला दिवा लावायला म्हणून उठून आत गेली. तिचं हे नेहमीचंच, भांडणात कधी अक्षर बोलत नाय.

*

पहिल्या हंगामाला पोरींकडं अंगावर घालायला काय नव्हतं. गोधडीच्या घड्या खांद्यावर बांधून खेळायच्या. मग शबानाचे अब्बा मदतीला आले. ते वीस वर्षं गल्फला गाडी चालवतात. त्यांनी तिकडून जुनी हेल्मेटं नि खांद्याचे पॅड पाठवले, मोठ्या खोक्यात.

गल्फचं खोकं ज्यानं उघडलंय त्याला ठाऊक, त्यात वाऱ्याला जागा नसते. रिकामी जागा सोडली तर पाठवणाऱ्याला झोप लागत नाय. हेल्मेटात साबण, हेल्मेटात सरबताची पावडर, पॅडच्या बगलेत अत्तर, नि जिथं बोट शिरेल तिथं खजूर. पोरींनी सगळं उपसलं, खाल्लं, वाटलं. मॅचला अशा नटून गेल्या की समोरची टीम आधी वास घ्यायला जवळ आली.

तिसऱ्या डावाला मंजुळा एकदम जागच्या जागी नाचायला लागली. हेल्मेट ओढून काढलं नि दिलं भिरकावून. डाव चालू असताना हेल्मेट काढलं की दंड. पंच शिट्टी वाजवत आले. "हेल्मेट का काढलं?"

मंजुळा कान खाजवत म्हणाली, "आत पाव्हणे आलेत."

बघितलं तर कानाजवळच्या स्पंजमागं खजुरांची पुडी राहिलेली, नि मुंग्यांचं आख्खं वऱ्हाड. टीम दंडापायी दहा हात मागं गेली. संध्याकाळी अब्बांचा व्हिडिओ कॉल आला. शबानानं खेळाविषयी काय विचारतात म्हणून फोन सगळ्यांसमोर धरला. अब्बा म्हणाले, "कानाजवळची पुडी मिळाली ना? ती सरांसाठी होती."

*

मंजुळा रविवारी रोह्याच्या बाजारात बसते. रोह्याच्या टीमची कॅप्टन वैशाली हे तिचं जुनं गिऱ्हाईक. हे कदम सरांना ठाऊक नव्हतं.

मॅचमध्ये वैशाली चेंडू घेऊन सुटली नि मंजुळानं तिला अशी धरली की दोघी मिळून सहा हात घसरत गेल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. बाकीच्या उठल्या. या दोघी उठेनात. आम्हाला वाटलं लागलं. सर पाण्याची बाटली घेऊन धावले, त्यांच्यामागं मी.

खालून वैशाली बोलत होती, "मागल्या रविवारी बोंबील शिळे दिलेस तू."

वरून मंजुळा, "सकाळी होडीतून उतरवलेले होते गो. तू ते दुपारपर्यंत पिशवीत ठेवलेस, त्याला मी काय करू?"

"सासूनं फेकून दिले."

"सासूला घेऊन ये, तिच्यासमोर कापून देते."

पंच म्हणाले, "बाई, उठा."

मंजुळा म्हणाली, "थांबा हो साहेब, गिऱ्हाईक तुटतंय."

पुढच्या रविवारी वैशालीच्या पिशवीत दोन मुठी कोलंबी जास्त पडली. सरांनी मंजुळाला झापलं, समोरच्या टीमच्या कॅप्टनला फुकट कोलंबी म्हणजे काय समजायचं? मंजुळा म्हणाली, "सर, मॅच वर्षातून चार. रविवार बावन्न."

*

आता करंगळीचं सांगते. हे मी घरी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या हंगामात, सरावाला प्राजूच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. काट असा आवाज मी कडेला बसून ऐकला. डावा हात म्हणून कारखान्यातलं काम अडणार नव्हतं. पण घरी? प्राजू रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. बोटापेक्षा सुपारी जास्त दुखत होती तिला.

आम्ही कारखान्यात गेलो. तिथले मूर्ती करणारे बाबा म्हणाले, "डॉक्टर काय करणार? प्लास्टरच घालणार ना? आपल्याकडं पोत्यानं आहे." नि घातलं की! मूर्तीला घालतात तेच. वाळल्यावर पांढरं फटक दिसायला लागलं, नारायणला गावाबाहेरून दिसलं असतं. मग प्राजूच्या मैत्रिणीनं त्यावर अंगाचा रंग मारला. गणपतीच्या अंगाचा. हात रिकामा होता म्हणून वर नखसुद्धा काढलं, मुळाशी पांढऱ्या चंद्रकोरीसकट.

घरी नारायण जेवताना दोनदा बघत राहिला. "प्राजू, तुझी करंगळी एवढी गोरी कशी?"

प्राजू म्हणाली, "क्रीम लावते."

"मग आख्ख्या हाताला लाव ना."

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं, तेव्हा तिला गुपचूप डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी ते प्लास्टर फिरवून फिरवून बघितलं, नर्सला बोलावून दाखवलं. मग म्हणाले, "चुकीचं आहे, घातक आहे, पुन्हा असलं करू नका. पण आजी, एवढं चांगलं नख मला नाय जमणार."

दवाखान्यातून आले त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. मी देव्हाऱ्यापुढं बसले. हाड तर मोडलं होतं, हे देवाला नि मला ठाऊक. सुपारी तिथं बसून राहिली तर उद्या तात्या भावजी ती फोडणार. नि सुपारीच नसली तर शब्द कसला, नि शब्द नसला तर खेळ बंद कशाचा? मी हात जोडले, सुपारी उचलली, पान लावलं नि खाल्ली. बटव्यातली दुसरी एक तिच्या जागी ठेवली.

खरं सांगायचं तर निराशा झाली. श्रीवर्धनी श्रीवर्धनी म्हणून भावजींनी एवढा डंका पिटलेला, पण चव वाण्याच्या दुकानातल्या सुपारीसारखीच.

*

शेवटची मॅच रोह्याला, रोह्याच्या टीमशी. जिंकणार ती वर्षाची पहिली.

तात्यांनी नारायणला बजावून पाठवलं होतं, "तू स्वतः जा. पोरी हाडं लपवतात." म्हणून नारायण शिफ्ट बदलून आला. पहिल्यांदाच आला. मी नि सुगंधा डबे घेऊन बसलो, हा दूर हाताची घडी घालून उभा.

मैदानावर गेल्यावर कळलं, दहा यार्ड मोजायची साखळी पेणला राहिली. रोह्याचे सर कदम सरांवर ओरडले. पंच म्हणाले, मापाशिवाय खेळ नाय. मी म्हटलं, "माझ्या पिशवीत एक लुगडं आहे, धुतलेलं. नऊ वार. तुमचा यार्ड म्हणजे आमचा वारच ना?" शबानानं त्याला आपली ओढणी बांधून एक वार वाढवला. पंचांनी डोक्याला हात लावला, पण वैशाली म्हणाली, "आमचं काय म्हणणं नाय. दोघांना एकच लुगडं."

दोन टोकं धरायला दोन माणसं पाहिजेत. रोह्याचा एक माणूस मागच्या टोकाला. पुढचं टोक कोण धरणार? सरांनी दूर उभ्या नारायणला हाक मारली. आईचं लुगडं म्हटल्यावर त्याला नाय म्हणता येईना. सरांनी समजावलं, "कोणी अंगावर आलं तर टोक सोडायचं नि मागं पळायचं." नारायणनं मान डोलावली. आदल्या दिवशी मैदानावर टँकरनं पाणी मारलेलं, कडेला चिखल. त्यानं लुगडं ताणलं नि टाच रुतवून उभा राहिला.

शेवटाला आम्ही चार गुणांनी मागं. चौथा डाव. वीस हात पुरे झाले तर आणखी चार डाव, नाय तर घरी. प्राजूनं चेंडू घेतला नि कडेकडेनं सुटली, सरळ बापाच्या दिशेनं. मागून वैशाली नि आणखी एक. सर ओरडले, "सोडा! मागं व्हा!"

नारायणनं सोडलं नाय. तिघीजणी त्याच्या अंगावर गेल्या.

मी पोचले तर हा चिखलात उताणा, एक हात वाकडा, नि लुगड्याचं टोक मुठीत वर धरलेलं. "का रे सोडलं नाय?"

"आई, खाली चिखल हाय. तुझं धुतलेलं लुगडं."

वैशाली म्हणाली, "पंच, खूण हलली. माप धरू नका."

नारायण डोळे मिटूनच म्हणाला, "हलली नाय. टाच बघा."

पंच वाकले. चिखलात त्याच्या टाचेचा खड्डा होता, वाटीएवढा. प्राजू पडली तेव्हा चेंडू त्या खड्ड्याच्या पुढं टेकलेला, वीतभर. चार डाव मिळाले. तिसऱ्या डावाला प्राजू शेवटच्या रेषेपार गेली. त्याचे सहा गुण, मॅच आमची. बाप ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारातून बघत होता.

रोह्याच्या दवाखान्यात फोटो काढला. गळ्याजवळचं हाड, मधोमध मोडलेलं.

तासाभरात तात्या भावजी हजर. कोणीतरी जित्याला फोन केला होता. हे आमच्या घरात शिरले, देव्हाऱ्यातली सुपारी उपरण्याच्या गाठीला मारली नि मिळेल ती गाडी धरून आले. नारायणची विचारपूस केली, हाडाचा फोटो उजेडाला धरून बघितला. मग खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"मी पोरीचं हाड म्हणालो नव्हतो. या घरात एक हाड म्हणालो होतो. नारायण, तू या घरातला हायस ना?"

प्राजू दारात उभी, अंगभर चिखल, हेल्मेट काखेत. तिनं ते खाली ठेवलं.

तात्यांनी गाठ सोडली. सुपारी बोटांत धरली, नि थबकले. डोळ्यांजवळ नेली. वास घेतला.

"ही माझी नाय. माझी श्रीवर्धनी होती."

म्हटलं, आता लपवून काय करायचंय. "भावजी, ही मी ठेवलेली. तुमची मी खाल्ली. दोन महिन्यांपूर्वी पोरीची करंगळी मोडली, त्या दुपारी."

नारायण उठून बसायला गेला नि कळवळून परत पडला. "करंगळी मोडलेली?"

तोवर सुगंधा डबा बंद करत म्हणाली, "आई, तुम्ही खाल्लीत ती वाण्याकडची, मी ठेवलेली. तात्यांची मी खाल्ली. दात पडला त्या संध्याकाळी, दिवा लावताना."

मला एकदम ती चव आठवली.

तात्या माझ्याकडं बघतात, सुगंधाकडं बघतात. खाटेवर नारायण छताकडं बघत होता.

"तात्यांची मी खाल्ली," तो म्हणाला. "ठेवली त्याच दिवशी, जेवण झाल्यावर. श्रीवर्धनी होती, राहवलं नाय."

सुगंधानं डबा खाली ठेवला. "मग मी खाल्ली ती?"

"जिते स्टेशनवरची."

बाहेर मंजुळा नि वैशालीचा आवाज येत होता, पापलेटचा भाव चालला होता. तात्या भावजी हळूच खाटेच्या कडेला बसले. "सुपारी माझी नाय, तर शब्दही माझा नाय," म्हणत बंडीच्या खिशातून अडकित्ता काढला. माझी सुपारी कातरून तिची चार खांडं केली, नीट, सारखी. पहिलं खांड प्राजूच्या चिखलाच्या हातावर ठेवलं नि आमच्याकडं वळून म्हणाले,

"चुना कोणाकडं हाय?"